भय कशाचे, हसू कोणाचे?

पुणे शहरात प्रथमच येणाऱ्या माणसाला एका गोष्टीचे नवल वाटते. या शहराच्या जुन्या पेठांना आठवड्याच्या सातही वारांची नावे आहेत. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अशा या सात पेठा होत. वारांना ही नावे मिळाली ती आकाशातील ज्योतींवरून. प्राचीन काळच्या लोकांना ताऱ्यांच्या स्थिर पटावरून सरकताना दिसत अशा सातच ज्योती होत्या : सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी. त्या सातांना त्यांनी ग्रह मानले आणि एकेकाच्या नावाने एकेक वार बसविला. तेव्हा सोमवार पेठेतील माणूस चंद्राच्या नावाने ओळखला जातो, आणि शनिवार पेठेतील माणूस आपला पत्ता सांगताना नित्य शनीचे नाव घेतो.

पत्त्यातील या शनीचे कोणालाच भय वाटत नाही. परंतु आकाशातील शनीचे नाव निघाले की पुष्कळांच्या चेहऱ्यावर चिंता उमटते. साडेसाती लागली, असे कोणी सांगितले की शहाणीसुरती माणसेही धास्तावतात. आणि याच पेठेतून मुठा नदीचा पूल ओलांडून पलीकडे शिवाजीनगरला गेले की जी हवामानाची वेधशाळा लागते, तिचे नाव काढताच तीच माणसे हसू लागतात. वेधशाळेने पाऊस सांगितला आहे, तेव्हा आज छत्री घरीच ठेवावी, हा विनोद कितीतरी पिढ्या चालत आला आहे. जो कोट्यवधी किलोमीटर दूर असून कोणाच्या केसालाही धक्का लावीत नाही त्याचे भय बाळगायचे, आणि जी शेजारी राहून रात्रंदिवस लोकांच्या जिवाची काळजी वाहते तिची थट्टा करायची, हा उलटा न्याय झाला. तो सुलटा करायचा असेल, तर आकाश आणि हवा यांविषयी कोणती गोष्ट कशी कळते, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम शनीचाच विचार करू जाता काय दिसते? शनी हा एक शांत, पिवळसर तेजाचा ग्रह आहे. तो ज्या महिन्यांत रात्री आकाशात असतो, त्या महिन्यांत तो गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. तारे लुकलुकतात, शनी त्यांच्यासारखा लुकलुकत नाही. याचे कारण पृथ्वीभोवती असलेल्या वातावरणात आहे. तारे इतके दूर आहेत की त्यांचा प्रकाश एका बिंदूतून आल्यासारखा येतो, आणि हवेच्या हलत्या थरांतून येताना तो इकडेतिकडे वळून थरथरतो. ग्रह पुष्कळ जवळ असल्यामुळे त्यांची लहानशी चकती असते. तिच्या निरनिराळ्या भागांतून येणारे किरण एकमेकांचे थरथरणे भरून काढतात, आणि ग्रहाचा प्रकाश स्थिर दिसतो.

सूर्यापासून शनीचे अंतर सुमारे १४३ कोटी किलोमीटर आहे. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर साधारणतः सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. शनीपर्यंत जाण्यास त्याला सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. इतक्या दूरच्या मार्गावरून सूर्याची एक प्रदक्षिणा पुरी करण्यास शनीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणूनच प्राचीनांनी त्याला 'शनैश्चर' म्हटले. शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. या नावात भीतीचा लवलेशही नाही. पुढे दुर्बिणीचा शोध लागल्यावर त्याच्याभोवतीची सुंदर कडी दिसली. ती मुख्यत्वे बर्फाच्या लहानमोठ्या तुकड्यांची बनलेली आहेत. ज्याने दुर्बिणीतून ती कडी एकदा पाहिली, त्याला शनीविषयी भयाऐवजी कौतुकच वाटू लागते.

मग साडेसाती ही काय वस्तू आहे? तिचे गणित फार सोपे आहे. आकाशातील सूर्याच्या वार्षिक मार्गाचे बारा समान भाग कल्पिले आहेत. त्यांना राशी म्हणतात. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. माणसाच्या जन्मकाळी चंद्र ज्या राशीत असेल ती, तिच्या मागची आणि तिच्या पुढची अशा तीन राशींतून जाण्यास शनीला साडेसात वर्षे लागतात. हीच साडेसाती. हा हिशेब अगदी बरोबर आहे. ज्या पूर्वजांनी दुर्बीण नसताना, पिढ्यान्पिढ्या रात्री जागवून, या मंदगती ग्रहाची चाल मोजली, त्यांच्या चिकाटीला वंदनच केले पाहिजे. परंतु शनी अमुक राशीत आहे, हे एक विधान. आणि म्हणून अमक्या माणसाच्या नोकरीवर किंवा परीक्षेवर संकट येईल, हे दुसरे विधान. पहिले विधान आकाशाकडे पाहून कोणालाही पडताळता येते. दुसऱ्याला असा कोणताही पडताळा नाही. कोणत्याही क्षणी पृथ्वीवरील सुमारे चतुर्थांश माणसे साडेसातीत असतातच. त्या सर्वांवर एकाच वेळी संकटे कोसळल्याचे कोणी पाहिले आहे काय? खऱ्या मापाशेजारी खोटे भय बसविले, म्हणजे ते भयही खरे भासू लागते. म्हणून माप कोठे संपते आणि भय कोठे सुरू होते, ती रेषा विद्यार्थ्याने ओळखण्यास शिकावे.

आकाश मोजण्यासाठी फार मोठी साधने लागतात, असेही नाही. शनिवार पेठेतील शनिवारवाड्याचा प्रमुख दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. म्हणूनच त्याला दिल्ली दरवाजा म्हणतात. निरभ्र रात्री या दरवाजाकडे पाठ करून पुढच्या मैदानात उभे राहिले, की दृष्टी उत्तर दिशेला लागते, आणि समोर, क्षितिजापासून फारसा उंच नसलेला ध्रुवतारा शोधता येतो. हात ताठ लांब धरून मूठ मिटली, तर ती मूठ आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजापासून अशा मुठी एकीवर एक ठेवीत गेले, तर दोन मुठी पुऱ्या होण्याच्या किंचित आधीच ध्रुव येतो. म्हणजे त्याची उंची सुमारे साडेअठरा अंश भरते. आणि पुण्याचे अक्षांशही साडेअठराच आहेत! हा योगायोग नव्हे. एखाद्या ठिकाणाहून ध्रुव जितके अंश उंच दिसतो, साधारणतः तितकेच त्या ठिकाणाचे अक्षांश असतात. ध्रुवतारा दिल्लीहून अधिक उंच दिसतो, कन्याकुमारीहून आणखी खाली दिसतो. पृथ्वी गोल आहे याचा पुरावा असा दोन मुठींच्या आत सापडतो.

दुसरा प्रयोग दिवसाचा आहे. सूर्य रोज भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः पुण्यात तो वर्षातून दोनदाच तसा येतो : मे महिन्यात १३-१४ तारखेच्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस ३० तारखेच्या सुमारास. त्या दिवशी सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली काही क्षण तिच्या बुंध्यातच लोप पावते. मात्र ते पाहण्यासाठी घड्याळात बारा वाजताच अंगणात जाणारा विद्यार्थी फसेल. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची आहे. पुणे त्याच्या पश्चिमेस असल्यामुळे येथे मध्यान्ह अर्ध्या तासाहून अधिक उशिरा होते. म्हणून साडेबारा ते पाऊण या वेळात काठीवर लक्ष ठेवावे. सूर्याकडे मात्र प्रत्यक्ष कधीही पाहू नये. सावलीच सर्व काही सांगते.

आकाशातील या गोलांच्या गती इतक्या नियमित आहेत की त्यांचे गणित शेकडो वर्षे पुढे करता येते. ग्रहणाची वेळ पंचांगात मिनिटासह छापलेली असते, आणि ग्रहण त्या वेळेला लागतेच. परंतु हे यशही आयते मिळालेले नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याचे गणिती केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांना लोक आदराने केरूनाना म्हणत, यांच्या ध्यानात आले की जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांत अंतर पडले आहे. दोष ग्रंथकारांचा नव्हता. अत्यंत सूक्ष्म चूकही शतकानुशतके साठत गेली म्हणजे मोठी होते. केरूनानांनी नव्या मापांवरून 'ग्रहसाधनाची कोष्टके' तयार केली. ती १८६० साली प्रसिद्ध झाली. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पोथी आणि आकाश यांत मतभेद झाला, तर दुरुस्ती पोथीतच करावी लागते. या तत्त्वावर ज्योतिर्गणित उभे आहे.

आता पावसाकडे वळावे. ज्या पंचांगात ग्रहण असते, त्याच पंचांगात पावसाची नक्षत्रेही असतात. सूर्य जूनच्या ७-८ तारखेच्या सुमारास मृग नक्षत्रात प्रवेश करतो. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा अशी नक्षत्रे साधारणतः तेरा-चौदा दिवसांच्या अंतराने येतात. शेतकऱ्याला पेरणी, लावणी आणि काढणी यांचे वेळापत्रक लक्षात ठेवण्यास ही गणना फार सोयीची पडली. परंतु त्याच पानावर प्रत्येक नक्षत्राचे एक वाहनही दिलेले असते. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असले तर पाऊस चांगला; गाढव किंवा उंदीर असले तर बेताचा. हे वाहन कसे ठरते? नक्षत्रे मोजून, त्या संख्येला नऊने भागून, जी बाकी उरेल तिच्यावरून ते ठरते. या भागाकारात ना समुद्राची उष्णता येते, ना वाऱ्याची दिशा, ना हवेतील बाष्प. मग त्यातून पाऊस कसा निघावा? एकाच पानावर छापले गेल्याने ग्रहणाचा खरेपणा बेडकाला लाभत नाही.

सूर्य मृगात गेल्यामुळे पाऊस पडतो, असेही नव्हे. नक्षत्रांची ही गणना ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकत आहे. काही हजार वर्षांनी सूर्य मृगात जाईल तेव्हा पावसाळा अर्ध्यावर आलेला असेल. पावसाचे कारण मृगात नसून पृथ्वीभोवतीच्या हवेत आहे.

ही हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती वजनरहित आहे असा समज होतो. पण समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम हवेचा भार असतो. तो वायुभारमापकातील सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीचा पारा तोलून धरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे; डोक्यावरची हवा तितकी कमी, म्हणून येथे पारा ७१ सेंटीमीटरांच्या आसपासच उभा राहतो. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आणि २१ टक्के प्राणवायू असतो. पावसाचे सारे कर्तृत्व मात्र तिच्यातील थोड्याशा बाष्पाचे आहे.

उन्हाळ्यात भारताची विस्तीर्ण भूमी तापते. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि जमिनीवर वायुभार कमी होतो. समुद्रावर तो त्या मानाने अधिक असतो. जेथे भार अधिक तेथून जेथे भार कमी तिकडे हवा धावते, हाच वारा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याची वाट वळते आणि अरबी समुद्रावरून तो नैर्ऋत्येकडून येतो. येताना तो अपार बाष्प घेऊन येतो. कोकणपट्टी ओलांडली की सह्याद्री त्याची वाट अडवितो. मग वाऱ्याला वर चढावे लागते. वर जाताना हवा थंड होते, थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे जलकण होतात, ढग दाटतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार मीटरहून अधिक पाऊस होतो. सह्याद्री ओलांडून वारा पुण्याकडे उतरू लागला की हवा पुन्हा तापते आणि ढग विरळ होतात. लोणावळ्यापासून पुणे अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे, पण येथे वर्षाचा पाऊस पाऊण मीटरही भरत नाही. पूर्वेकडे तो आणखी कमी होतो. या प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. शनिवार पेठेत पडणाऱ्या रिमझिम पावसाच्या मागे समुद्र, सूर्य आणि सह्याद्री या तिघांची भागीदारी असते.

आता अंदाज का चुकतो, या प्रश्नाचे उत्तर देता येईल. शनी आपल्या मार्गावरून एकटा चालतो. त्याची गती थोड्या नियमांत बसते. हवा ही तशी एकटी वस्तू नाही. तिचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाला ढकलतो, तापवितो, ओला करतो. अमेरिकेतील एडवर्ड लोरेन्झ नावाचे शास्त्रज्ञ १९६१ साली हवेचे गणित संगणकावर करीत होते. एकदा त्यांनी ०.५०६१२७ या संख्येऐवजी नुसती ०.५०६ ही संख्या घातली. फरक इतका क्षुल्लक की कोणी त्याकडे लक्षही देऊ नये. परंतु गणित पुढे जाता जाता त्यातील हवामान पहिल्याहून संपूर्ण वेगळे झाले. हवेच्या आजच्या स्थितीतील नखाएवढी उणीव काही दिवसांनी डोंगराएवढी होते, हा मोठा बोध त्यातून जगाला झाला.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. २ ऑगस्ट २०२७ या दिवशीचे सूर्यग्रहण पुण्यात खंडग्रास दिसण्याजोगे आहे, हे खगोलगणितज्ञांच्या कोष्टकांत फार पूर्वीच नोंदले गेले. परंतु त्या दुपारी पुण्यावर ढग असतील किंवा नाही, हे सांगण्याची गोष्ट काढली, तर जगातील कोणताही प्रामाणिक शास्त्रज्ञ तो दिवस अगदी जवळ येईपर्यंत थांबण्यास सांगेल. ग्रहणाला कोट्यवधी किलोमीटरांचा हिशेब पुरतो. ते झाकणारा ढग डोक्यापासून दोनचार किलोमीटरांवरच असतो. दूरचे निश्चित आणि जवळचे अनिश्चित, अशी ही सृष्टीची गंमत आहे.

इतके असूनही वेधशाळा हार मानीत नाही. भारताच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्या खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जगभरच्या नोंदी तपासून दाखवून दिले की दूरच्या प्रशांत महासागरावरील वायुभार आणि हिंदी महासागरावरील वायुभार यांत तराजूच्या पारड्यांसारखा संबंध आहे. एक वर गेला की दुसरा खाली येतो, आणि त्याचा परिणाम भारताच्या पावसावर होतो. खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' असेच म्हणतात. पुण्यातच पाषाण येथे उष्णप्रदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे. २०२४ साली तेथे 'अर्क' नावाचा महासंगणक कामास लागला. अर्क म्हणजे सूर्य.

पण कितीही मोठा संगणक असला, तरी त्याला लागणारे अन्न नोंदींचे असते. देशभर ठिकठिकाणी रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजले जाते. ऊन असो, वादळ असो, सण असो की सुट्टी असो, कोणीतरी तेथे जातो, पाणी मोजतो आणि आकडा लिहितो. अंदाजाची इमारत या निनावी माणसांच्या नेमस्तपणावर उभी आहे. तिला हसताना त्या माणसांनाही हसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

यावर कोणी विचारील, की वेधशाळेचा अंदाज चुकत असला तरी तो बरोबरच आहे असे म्हणावे काय? मुळीच नाही. चुकीला चूकच म्हटले पाहिजे. परंतु अंदाज म्हणजे काय, हे आधी कळले पाहिजे. पावसाची शक्यता सत्तर टक्के, असे वेधशाळेने दहा दिवस सांगितले आणि त्यांपैकी सात दिवस पाऊस पडला, तर वेधशाळा अगदी बरोबर ठरली. छत्री घेऊन गेलेला मनुष्य उरलेल्या तीन कोरड्या दिवसांकडे बोट दाखवितो आणि सात ओले दिवस विसरतो. शिवाय वेधशाळा आपला अंदाज आधी जाहीर करते, नंतर तो प्रत्यक्ष पावसाशी ताडून पाहते आणि चूक आढळली तर पद्धत सुधारते. म्हणूनच गेल्या चार दशकांत जगभर अंदाजाची भरवशाची मुदत दर दहा वर्षांना सुमारे एका दिवसाने लांबत आली आहे. गाढव आणि बेडूक यांच्या भविष्याचा असा हिशेब ठेवण्यात येत नाही. म्हणून ते शंभर वर्षांपूर्वी जेथे होते तेथेच आहे. चुकणे हा दोष खरा, पण चूक न मोजणे हा त्याहून मोठा दोष होय.

आणि हा प्रश्न केवळ छत्रीचा नाही. १९९९ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणांस मुकली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलिन नावाचे तीव्र चक्रीवादळ आले. या वेळी कित्येक दिवस आधीपासून वादळाच्या वाटेचे अंदाज मिळत होते, लोकांनी आणि शासनाने त्यांवर विश्वास ठेवला, आणि सुमारे दहा लाख माणसे सुरक्षित स्थळी हलविण्यात आली. मृतांची संख्या शंभराच्या आतच राहिली. महाराष्ट्रात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, नारळीपोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. पण सूचना आधी मिळाली होती, म्हणून किनाऱ्यावरील हजारो लोकांना वेळेवर हलविता आले. त्या वेळी अंदाज हसण्यावारी नेला असता, तर काय झाले असते?

शनिवार पेठेला तर हे सांगण्याची आवश्यकताच नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचा प्रचंड लोंढा नदीकाठच्या पेठांत शिरला. संसार वाहून गेले, घरे कोसळली. त्या दिवसाची आठवण अनेक घरांत अजून सांगितली जाते. आजही पावसाळ्यात खडकवासल्याच्या धरणातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो. घाटमाथ्यावर किती पाऊस पडला, आणखी किती पडेल, धरणात किती पाणी जमेल, केव्हा आणि किती सोडावे, हा सारा विचार नोंदी आणि अंदाज यांवरच करावा लागतो. नदीकाठी राहणाऱ्या कुटुंबाला रात्री सामान हलविण्याची सूचना मिळते, ती कोणत्याही राशीतून आलेली नसते. ती पावसाच्या आकड्यांतून आलेली असते.

म्हणून प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांनी चालविलेली एक हवामानाची नोंदवही असावी. तिला खर्च जवळजवळ नाहीच. सरळ कडेचे, सपाट बुडाचे एक भांडे उघड्या जागी ठेवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. ती एक मिलिमीटर भरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले असे समजावे. शाळेचे मैदान तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असेल आणि पाऊस दहा मिलिमीटर झाला असेल, तर त्या एका मैदानावर सहा हजार लिटर पाणी पडले, हे मुलांना लगेच काढता येईल. त्यासोबत वाऱ्याची दिशा, ढगांचे स्वरूप आणि दुपारच्या सावलीची लांबी लिहावी. शेजारी दोन रकाने ठेवावेत. एकात वेधशाळेचा अंदाज लिहावा, दुसऱ्यात पंचांगातील वाहन. पावसाळा संपला म्हणजे कोण किती वेळा बरोबर ठरले, ते मोजावे. निकाल काय लागेल, हे कोणी आधी सांगू नये. नोंदवहीलाच सांगू द्यावे.

अशी वही ठेवणारी मुले घरातील वडीलधाऱ्यांशी वाद घालणार नाहीत. त्याची गरजच पडणार नाही. आजी काळजीने साडेसातीची गोष्ट काढील, तेव्हा तिचा नातू तिला हात धरून गच्चीवर नेईल आणि तो शांत, न लुकलुकणारा ग्रह दाखवील. आजोबा वेधशाळेला हसतील, तेव्हा नात त्यांच्यापुढे आपली वही उघडून ठेवील. भय आणि उपहास हे दोन्ही न मोजण्यातून जन्मतात. ज्या पेठेने शनीचे नाव आपल्या पत्त्यात इतकी वर्षे निर्भयपणे मिरविले, त्या पेठेतील मुलांनी आकाशाकडेही त्याच निर्भयपणाने पाहावे, आणि नदीपलीकडच्या वेधशाळेने धोक्याची सूचना दिली, की हसणे थांबवून सामान उचलावे.